आई-बाबा सहा महिन्यांसाठी परदेशात: पेन्शन, पासपोर्ट, औषधं आणि मागे राहिलेलं कुलूपबंद घर

उल्हासनगर कॅम्प 1 मधल्या एखाद्या घरात बॅगा वजनकाट्यावर चढल्या, की समजावं मुलाकडे किंवा मुलीकडे जायची तयारी सुरू आहे. बॅग 23 किलोच्या आत बसते की नाही, लोणच्याची बरणी फुटणार नाही ना, विमानात व्हीलचेअर मिळेल ना, याची चर्चा घरभर चालते. पण निवृत्त माणसांचा परदेशातला मुक्काम अडतो तो बहुतेक वेळा वेगळ्याच ठिकाणी. पेन्शन अचानक थांबते, ओटीपी येत नाही, तीन महिन्यांनी रक्तदाबाच्या गोळ्या संपतात, किंवा बंद घराच्या दारावर महापालिकेची नोटीस लागते. हे सगळं टाळता येतं, पण त्याची तयारी विमानतळावर नाही, निघण्याच्या दोन-तीन महिने आधी करावी लागते.

कॅम्प 1 चा परदेशाशी संबंध

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्करी छावण्या उभ्या राहिल्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना इथेच बराकींमध्ये आसरा मिळाला. 8 ऑगस्ट 1949 रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि वसाहतीला उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळालं. छावण्यांचे क्रमांक मात्र पत्त्यात कायम राहिले.

शहाड फाटकापासून सुरू होणाऱ्या कॅम्प 1 मध्ये सिंधी व्यापारी कुटुंबं, शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमधून निवृत्त झालेले कामगार, रेल्वेचे कर्मचारी, अंबरनाथच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले मराठी लोक असे सगळेच राहतात. मुलं दुबईत, अमेरिकेत, कॅनडात किंवा ऑस्ट्रेलियात असणं आता नवल राहिलेलं नाही. म्हणून अर्धं वर्ष तिकडे आणि अर्धं वर्ष इकडे, असं जगणारे ज्येष्ठही वाढले आहेत. या माणसांना परदेशी म्हणता येत नाही आणि त्यांचं घर पूर्णवेळ इथंही नसतं. नियमांचा गोंधळ नेमका इथेच होतो.

पासपोर्ट: जन्मस्थान कराची असेल तर?

पासपोर्टची मुदत मुक्काम संपल्यावरही किमान सहा महिने शिल्लक असावी, हा सुरक्षित हिशेब. नवा पासपोर्ट काढणाऱ्या साठीपुढच्या अर्जदारांना शुल्कात 10 टक्के सवलत मिळते. या भागातल्या लोकांना ठाण्याचं पासपोर्ट सेवा केंद्र सोयीचं पडतं.

जुन्या पिढीकडे जन्मदाखला नसतो, ही नेहमीची अडचण. बराकीत वाढलेल्या माणसाकडे तो असणार तरी कुठून? पण 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्यांनाच जन्मदाखला सक्तीचा आहे. त्याआधी जन्मलेल्यांना शाळा सोडल्याचा दाखला, पॅन कार्ड, वाहन परवाना किंवा जन्मतारीख असलेलं पेन्शनचं कागदपत्र असे पर्याय चालतात.

उल्हासनगरचा खास प्रश्न जन्मस्थानाचा. 15 ऑगस्ट 1947 पूर्वी कराची, हैदराबाद (सिंध) किंवा सक्करला जन्मलेल्यांच्या पासपोर्ट अर्जात देश म्हणून ‘अविभाजित भारत’ लिहायचा असतो. अमेरिकी व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात मात्र ते ठिकाण आज ज्या देशात आहे, त्याचं नाव मागितलं जातं, म्हणजे पाकिस्तान. दोन कागदांवर दोन देश दिसले की घरचे घाबरतात. ही चूक नाही, दोन्ही ठिकाणी आपापल्या नियमाप्रमाणेच उत्तर द्यायचं असतं.

दुसरी अडचण नावाची. सिंधी आणि मराठी, दोन्ही घरांत लग्नानंतर सुनेचं पहिलं नावसुद्धा बदलण्याची पद्धत होती. त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, पेन्शनच्या कागदावर तिसरं असं होतं. तिकीट, व्हिसा आणि विमा हे तिन्ही पासपोर्टवरच्या नावानेच काढावेत. बाकीच्या कागदांमधली नावं निघण्याआधी जुळवून घ्यावीत, परदेशात बसून ते काम होत नाही.

मुक्काम किती दिवसांचा?

अमेरिकेचा पर्यटक व्हिसा 10 वर्षांचा मिळाला म्हणजे 10 वर्षं कितीही राहता येतं, हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. किती दिवस राहायचं, हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. साधारणपणे सहा महिने मिळतात. ती तारीख आय-94 या ऑनलाइन नोंदीत असते. पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यातच ती नोंद काढून पाहावी आणि तिची प्रत फोनमध्ये ठेवावी. जास्त राहायचं असेल तर ती तारीख उलटण्याआधी आय-539 हा अर्ज करावा लागतो. परवानगीशिवाय 180 दिवसांहून जास्त राहून परतलेल्या माणसावर तीन वर्षांची, तर वर्ष किंवा त्याहून जास्त राहिलेल्यावर 10 वर्षांची प्रवेशबंदी येऊ शकते. नातवाच्या बारशासाठी लांबवलेला मुक्काम त्याच नातवाच्या मुंजीला जाण्याची वाट बंद करू शकतो.

इतर देशांचं गणित वेगळं आहे.

ब्रिटन: साध्या व्हिजिटर व्हिसावर एका वेळी सहा महिन्यांपर्यंत.

युरोपातले शेंगेन देश: कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवस. किमान 30,000 युरोचा प्रवास विमा सक्तीचा.

कॅनडा: आई-वडील आणि आजी-आजोबांसाठी ‘सुपर व्हिसा’. जुलै 2022 पासून एका भेटीत पाच वर्षांपर्यंत राहता येतं. किमान एक वर्षाचा आणि एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा लागतो.

ऑस्ट्रेलिया: पालकांसाठी तीन किंवा पाच वर्षांचा तात्पुरता व्हिसा (क्रमांक 870).

संयुक्त अरब अमिराती: 55 वर्षांवरील निवृत्तांसाठी पाच वर्षांचा, नूतनीकरण होणारा व्हिसा. त्यासाठी मालमत्ता, बचत किंवा उत्पन्नाची अट असते.

पेन्शन थांबते ती नोव्हेंबरमध्ये

केंद्र आणि राज्य सरकारच्या निवृत्तांना दरवर्षी नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. 80 वर्षांवरील केंद्रीय पेन्शनधारकांना तो 1 ऑक्टोबरपासूनच देता येतो. दाखला पोहोचला नाही तर पेन्शन रोखली जाते. पैसे बुडत नाहीत, दाखला दिल्यावर थकबाकीसह मिळतात. पण त्या पेन्शनमधून इथल्या घराचा मेंटेनन्स, वीजबिल आणि विम्याचा हप्ता जात असेल, तर सगळीच साखळी तुटते.

खासगी कारखान्यांतून निवृत्त झालेल्या ईपीएस-95 पेन्शनधारकांना नोव्हेंबरचं बंधन नाही. त्यांचा दाखला वर्षात केव्हाही देता येतो आणि दिल्या दिवसापासून 12 महिने चालतो. म्हणजे एप्रिलमध्ये उड्डाण असेल तर मार्चअखेर दाखला देऊन वर्षभर निर्धास्त राहता येतं. आयुध निर्माणीसारख्या संरक्षण आस्थापनांतल्या निवृत्तांचं काम ‘स्पर्श’ या प्रणालीवर चालतं. तिथला लॉगिन आणि नोंदलेला मोबाइल नंबर आधी तपासून घ्यावा.

नोव्हेंबरमध्ये माणूस परदेशातच असेल तर दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग ‘जीवन प्रमाण’. 10 नोव्हेंबर 2014 रोजी सुरू झालेली ही सेवा आधी बोटांच्या ठशांवर चालायची. वयामुळे पुसट झालेले ठसे यंत्र घेत नसे, अशी तक्रार घरोघरी होती. 2021 च्या नोव्हेंबरपासून फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवूनही दाखला तयार होतो. त्यासाठी आधार आणि पेन्शनचा तपशील जुळलेला असावा लागतो. दुसरा मार्ग कागदी. भारतीय दूतावास, वाणिज्य दूतावास, नोटरी, मॅजिस्ट्रेट किंवा बँक अधिकाऱ्यासमोर सही केलेला दाखला पेन्शन देणाऱ्या बँकेकडे पाठवता येतो. टपालाला लागणारे दिवस धरूनच तो काढावा.

एक सोपा उपाय म्हणजे तारखा जुळवणं. एप्रिल-मेमध्ये जाऊन ऑक्टोबरमध्ये परतणाऱ्यांना तिकडची थंडी टळते आणि नोव्हेंबरचा दाखलाही इथेच देता येतो.

सहा महिने बाहेर राहिलं म्हणजे एनआरआय होतं का?

नाही. इथे दोन कायदे आहेत आणि दोघांची मोजपट्टी वेगळी आहे.

प्राप्तिकराच्या नियमांत आर्थिक वर्षात 182 दिवस भारतात राहिलेला माणूस निवासी ठरतो. पण तेवढंच नाही. वर्षात 60 दिवस आणि त्याआधीच्या चार वर्षांत मिळून 365 दिवस भारतात राहिलेला माणूसही निवासीच. परदेशात नोकरीसाठी गेलेल्या मुलाला यातल्या 60 दिवसांच्या अटीतून सवलत आहे, त्याला भेटायला गेलेल्या बाबांना नाही. समजा, कॅम्प 1 मधलं एक जोडपं आयुष्यभर इथेच राहिलं आणि यंदा आठ महिने टेक्सासला होतं. उरलेले चार महिने इथे काढल्यामुळे ते दोघं करासाठी निवासीच राहतात.

बँक खात्यांसाठी परकीय चलनाचा कायदा, म्हणजे फेमा लागू होतो. तिथे दिवसांइतकाच हेतू महत्त्वाचा. मुलाला भेटून परत येणाऱ्याचं खातं साधंच राहतं. ग्रीन कार्ड घेऊन तिकडेच राहायला गेलेल्याने मात्र आपलं बचत खातं एनआरओ करून घ्यावं लागतं. एनआरओ ठेवींच्या व्याजावर 30 टक्के दराने आणि वर अधिभार-उपकर धरून कर कापला जातो. व्याजावर कर कापू नये म्हणून ज्येष्ठ नागरिक बँकेत देतात तो फॉर्म तेव्हा देता येत नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत अनिवासींना नवं खातं उघडता येत नाही.

आणखी एक गोष्ट प्रेमापोटी होते. मुलगा तिकडच्या बँक खात्यात आईचं नाव जोडतो. आई करासाठी भारतात निवासी असेल, तर ते खातं तिच्या विवरणपत्रात दाखवावं लागतं, त्यात तिचा एकही रुपया नसला तरी. न दाखवल्यास काळ्या पैशाविरोधातल्या 2015 च्या कायद्यानुसार 10 लाख रुपये दंडाची तरतूद आहे. ऑक्टोबर 2024 पासून एकूण 20 लाख रुपयांपर्यंतच्या स्थावर नसलेल्या परदेशी मालमत्तेला या दंडातून सूट मिळाली, तरी खातं दाखवण्याचं बंधन कायम आहे.

औषधं: तीन महिन्यांनंतर काय?

अमेरिकेत स्वतःसाठी साधारण तीन महिन्यांपुरता औषधसाठा नेण्याची मुभा आहे. मुक्काम सहा महिन्यांचा असतो, म्हणजे अर्ध्यावरच प्रश्न उभा राहतो. मागून कुरिअरने औषधं पाठवणं बेभरवशाचं असतं, पार्सल कस्टम्समध्ये अडकतं. म्हणून निघण्याआधी डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी घ्यावी आणि तीत कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव आणि मात्रा असावी. तिकडच्या डॉक्टरला आपल्याकडच्या गोळीचं बाजारातलं नाव कळत नाही, मूळ नाव कळतं. पहिल्या महिन्यातच तिथल्या डॉक्टरला दाखवून पुढची सोय करावी.

गोळ्या मूळ पाकिटातच न्याव्यात, डबीत सुट्या भरू नयेत. इन्सुलिन आणि रोजची औषधं हातातल्या बॅगेत ठेवावीत. दुबईला जाताना जास्त जपावं. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं तिथे नियंत्रित आहेत, आधी परवानगी न घेता ती नेली तर अटकही होऊ शकते.

विमा: कुठला कुठे चालतो?

70 वर्षांवरील सर्वांना 29 ऑक्टोबर 2024 पासून मिळणारं आयुष्मान भारतचं पाच लाखांचं कवच भारतातल्या रुग्णालयांपुरतंच आहे. नेहमीची मेडिक्लेम पॉलिसीही बहुधा देशाबाहेर चालत नाही. अमेरिकेत पर्यटक म्हणून गेलेल्यांना तिथली सरकारी मेडिकेअर योजना मिळत नाही. म्हणून प्रवास विमा लागतोच. तो घेताना आधीपासूनच्या आजारांबद्दल काय लिहिलं आहे, हे वाचावं. मधुमेह किंवा हृदयविकार लपवून काढलेला विमा नेमका रुग्णालयात नाकारला जातो.

इथल्या मेडिक्लेमची तारीखही पाहावी. वार्षिक हप्ता चुकला तर नूतनीकरणासाठी 30 दिवसांची सवलत असते, पण त्या मधल्या दिवसांत संरक्षण नसतं. तेही दिवस गेले, तर वर्षानुवर्षं जपलेली पॉलिसी बंद पडते आणि सत्तरीत नवी मिळणं कठीण होतं. मुक्कामात तारीख येत असेल तर हप्ता आधीच भरावा.

बॅगेत काय नको?

खसखस. संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया आणि सिंगापूरमध्ये ती अमली पदार्थांच्या यादीत मोडते. सुटी खसखस टाळणं सोपं आहे, पण दिवाळीचे अनारसे आणि घरचा मसाला यांतही ती असते, हे लक्षात राहत नाही. अमेरिकेत ताजे आंबे आणि मांसाचे पदार्थ बॅगेतून नेता येत नाहीत. ऑस्ट्रेलियात खाण्याची प्रत्येक वस्तू फॉर्मवर जाहीर करावी लागते. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेल्या वस्तूसाठी दंड बसतो.

भारतातून निघताना परकीय चलनाच्या नोटा बहुतेक देशांसाठी 3,000 डॉलरपर्यंत आणि भारतीय नोटा 25,000 रुपयांपर्यंत नेता येतात. लग्नासाठी जास्त दागिने नेत असाल तर निघतानाच विमानतळावर कस्टम्सकडून त्याचं प्रमाणपत्र घ्यावं. नाहीतर परत येताना तेच दागिने तिकडून आणलेले नाहीत, हे सिद्ध करत बसावं लागतं.

मोबाइल नंबर जिवंत ठेवा

बँक, पेन्शन, आधार, वीजबिल, सगळ्यांची किल्ली एकच, ती म्हणजे नोंदलेला मोबाइल नंबर. प्रीपेड नंबर 90 दिवस वापरलाच नाही तर तो बंद होऊन दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. खात्यात किमान 20 रुपये असतील तर तो टिकवण्याची सोय नियमांत आहे. तरीही पूर्ण मुक्कामाचं रिचार्ज करून आणि रोमिंग सुरू करून जावं. उतरल्यावर एक ओटीपी मागवून पाहावा. ओटीपी शेजाऱ्याच्या फोनवर घेण्याची व्यवस्था करू नये, त्यात फसवणुकीला वाट मिळते. खातं दोघांच्या नावावर आणि दोघांपैकी कुणालाही चालवता येईल असं असावं. नोव्हेंबर 2025 पासून एका खात्याला चार वारसांपर्यंत नावं लावता येतात.

मागे राहिलेलं घर

एप्रिलमध्ये लावलेलं कुलूप ऑक्टोबरमध्ये उघडतं, म्हणजे अख्खा पावसाळा घर बंद असतं. 26 जुलै 2005 चा पूर या पट्ट्यात कुणी विसरलेलं नाही. जुलै 2019 मध्ये बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती. उल्हास आणि वालधुनीच्या काठावर तळमजल्याला राहणाऱ्यांनी कागदपत्रं, फ्रीज, गाद्या उंचावर ठेवाव्यात. मेन स्विच आणि गॅसचा रेग्युलेटर बंद करावा.

त्याहून गंभीर गोष्ट इमारतीची. मे 2021 मध्ये दोन आठवड्यांच्या आत उल्हासनगरातल्या दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसं दगावली. महापालिका कायद्यानुसार 30 वर्षांवरील इमारतींना संरचनात्मक स्थैर्याचं प्रमाणपत्र लागतं. तपासणीची नोटीस किंवा सोसायटीचा दुरुस्तीचा ठराव मालक परदेशात असतानाच आला, तर उत्तर कोण देणार? यासाठी विश्वासातल्या एका माणसाला लेखी अधिकार द्यावा. हे कुलमुखत्यारपत्र ठरावीक कामांपुरतंच असावं, म्हणजे नोटीस घेणं, कर भरणं, तपासणीला घर उघडून देणं इतकंच. विक्रीचा अधिकार त्यात नसावा. ते परदेशातून करून पाठवायचं झालं, तर भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करावं लागतं आणि महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं.

तिकडेच राहायचं ठरलं तर?

अमेरिकेचा नागरिक असलेला आणि 21 वर्षं पूर्ण झालेला मुलगा किंवा मुलगी पालकांसाठी ग्रीन कार्डचा अर्ज करू शकते. पण ग्रीन कार्ड म्हणजे येण्या-जाण्याचा पास नाही. सहा महिन्यांहून जास्त काळ बाहेर राहिलं की प्रवेशावेळी प्रश्न विचारले जातात, वर्ष उलटलं तर कार्डच धोक्यात येतं. मेडिकेअर विकत घेण्यासाठीही 65 वर्षं वय आणि सलग पाच वर्षांचं वास्तव्य लागतं. तोवर आजारपणाचा भार मुलांवर किंवा खासगी विम्यावर असतो.

नागरिकत्व बदलण्याआधी उल्हासनगरच्या काही कुटुंबांनी आणखी एक नियम पाहावा. स्वतः, आई-वडील, आजी-आजोबा किंवा पणजी-पणजोबा यांपैकी कुणी पाकिस्तानचं नागरिक असेल किंवा कधी राहिलं असेल, तर ओसीआय कार्ड मिळत नाही. फाळणीच्या वेळी आलेल्यांचा प्रश्न वेगळा आणि नंतर पाकिस्तानी पासपोर्टवर येऊन भारतीय नागरिकत्व घेतलेल्यांचा वेगळा. दुसऱ्या गटातल्या माणसाने परदेशी नागरिकत्व घेतलं, तर कॅम्प 1 मधल्या स्वतःच्या घरी यायलाही त्याला दरवेळी व्हिसा लागेल.

नको असलेला, पण बोलायचाच विषय

परदेशात मृत्यू झाला तर पार्थिव आणण्यासाठी तिथला मृत्यूचा दाखला, शवलेपनाचं प्रमाणपत्र, भारतीय दूतावासाची ना-हरकत आणि रद्द केलेला पासपोर्ट लागतो. विमा काढतानाच त्यात पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्च आहे का, हे पाहावं. गरजू कुटुंबांना मदत करण्यासाठी दूतावासांकडे 2009 पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. अंत्यसंस्कार तिकडेच करायचे की इकडे, हे ज्येष्ठांनी मुलांना आधीच सांगून ठेवलं, तर त्या रात्री मुलांना एक निर्णय कमी घ्यावा लागतो.

निघण्याआधीचा एक कागद

पासपोर्ट, व्हिसा आणि विम्याच्या प्रती, औषधांची मूळ नावं, पेन्शनचा क्रमांक, हयातीच्या दाखल्याची तारीख, मेडिक्लेमच्या हप्त्याची तारीख, आय-94 ची शेवटची तारीख आणि घराची किल्ली कुणाकडे आहे, हे सगळं एका कागदावर लिहावं. एक प्रत आई-बाबांच्या पर्समध्ये, एक मुलांकडे आणि एक किल्ली ठेवणाऱ्या शेजाऱ्याकडे. मात्र शेजाऱ्याच्या प्रतीत पेन्शनचा आणि पासपोर्टचा क्रमांक नको, त्याला किल्ली आणि मुलांचा फोन नंबर पुरेसा आहे.